काही न मिसळता कणखर

मी वेलचेरीतून बोलतोय, आयआयटी मद्रासच्या शेजारून. आज विषय टायटॅनियम. याचं खनिज आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे.

जवानाचं हाड मोडलं की आत बसवतात ती पट्टी बऱ्याचदा टायटॅनियमची असते. शुद्ध टायटॅनियम शरीराला मानवतं, पण जरा मऊ पडतं. म्हणून त्यात ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळतात. व्हॅनेडियम शरीरात झिरपलेलं बरं नव्हे.

मग काहीच न मिसळता? 1970च्या दशकात सोव्हिएत मिन्स्कमध्ये सेगल यांनी एक रीत काढली. काटकोनात वळणाऱ्या बोगद्यातून धातूची कांडी जोर लावून ढकलायची. जाडी तीच राहते, म्हणून पुन्हा पुन्हा ढकलता येते. आतले स्फटिककण 20-30 मायक्रॉनचे असतील, तर मायक्रॉनच्याही काही दशांशांवर येतात. धातू वाकतो तो आतले दोष सरकल्यामुळे. कणांच्या सीमा वाढल्या की ते अडतात. चौक्या वाढवल्यावर घुसखोर अडतो, तसंच! कठीणपणा वाढतो, ताकद दीडपट-दुप्पट होते. ताणलं जाण्याची क्षमता मात्र थोडी घटते.

आणि तापमान सांभाळायचं. निर्जंतुक करताना लागणारे 121 अंश सेल्सिअस तो सहज सोसतो. 600 अंशांवर ठेवलात, तर कण पुन्हा वाढून पट्टी पहिल्यासारखी मऊ.