तुरुंगाची किल्ली कंत्राटदाराकडे नको

सप्टेंबर 2022. तळोजा कारागृहात असलेले मानवाधिकार कार्यकर्ते गौतम नवलखा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू होती. तुरुंगांतली गर्दी पाहून न्यायमूर्ती के. एम. जोसेफ आणि हृषीकेश रॉय यांच्या खंडपीठाने एक पर्याय सुचवला: मोठ्या उद्योगांनी सामाजिक दायित्वाच्या पैशांतून तुरुंग बांधावेत आणि सरकारच्या हवाली करावेत. ओघात युरोपातल्या खासगी तुरुंगांचाही उल्लेख झाला. सूचना कळकळीची होती, पण दुखणं वेगळं आहे.

त्या वर्षाअखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटलाच संपलेला नाही. मुखेड, कंधार, जळकोटकडचा ऊसतोड मजूर एकदा आत गेला की जामिनाचा हुकूम होऊनही अडकतो. जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. भाऊबंद उचल घेऊन कारखान्यावर गेलेले. कोर्टात उभं राहायचं कुणी? नवी बराक बांधून हा माणूस सुटत नाही.

आणि तुरुंग चालवणाऱ्या खासगी कंपनीला तर तो सुटायलाच नको असतो, कारण तिची कमाई कैद्यांच्या डोक्यांवर चालते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याने काही करारांत शंभर टक्के खाटांच्या पैशांची हमी दिली होती. खाट रिकामी राहिली तरी बिल चालूच. पेनसिल्व्हेनियात दोन न्यायाधीशांनी खासगी बालबंदीगृहांच्या व्यवहारात लाखो डॉलर घेतले आणि किरकोळ खोड्यांसाठी पोरं आत धाडली. त्यांतल्या मार्क सिएव्हरेला यांना 2011 मध्ये 28 वर्षांची शिक्षा झाली. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2009 मध्येच खासगी तुरुंगाचा कायदा रद्द केला.

सरकारी तुरुंग चांगले चालतात असं कुणी म्हणणार नाही. पण सुधारणेची वाट इथलीच आहे. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसवली, तिथे कैदी कुटुंबासह शेती करू लागले. मराठवाड्यात पैठणलाही खुलं कारागृह आहे.

गरीब कैद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजना आहे. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तिच्या 2023 च्या नियमांत 40,000 रुपयांपर्यंत मदत होती. निर्णय घेते जिल्ह्याची समिती. तिच्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, न्यायाधीश, आणि कारागृहाचे अधीक्षक बसतात. उद्या हे अधीक्षक कंपनीचे पगारी झाले, तर नांदेड-लातूरच्या मजुराचं नाव त्या समितीपुढे कोण ठेवणार?