लॅपटॉप दुरुस्तीला, हप्ता चालू

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण)



मला वॉरंटीवर बोलायला सांगितलंय. मी काही वकील नाही. माझ्यावर जे गुदरलं तेच सांगते.

मागच्या वर्षी मुलगी कॉलेजला गेली. लॅपटॉप पाहिजेच म्हणाली. गटातून ४० हजारांचं कर्ज घेतलं, तालुक्याच्या दुकानातून नवा कोरा लॅपटॉप आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, एक वर्षाची वॉरंटी आहे, काही झालं तर मी बसलोय." पाचव्या महिन्यात लॅपटॉप चालूच होईना. चार्जर लावला तरी दिवा लागेना. दुकानात गेलो तर तोच माणूस म्हणतो, "आमच्याकडे काही नाही, जिल्ह्याला सर्व्हिस सेंटरला न्या."

जिल्हा आमच्यापासून ६० किलोमीटर. एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, पण बुडलेली मजुरी कोण अर्धी करून देतो? तिथल्या पोराने लॅपटॉप ठेवून घेतला, म्हणाला फोन करतो. कागद काही दिला नाही, मीही मागितला नाही. ही माझी पहिली चूक. गटात पाच रुपयांची पावती फाडल्याशिवाय आपण पैसे घेत नाही, आणि ४० हजारांची वस्तू मी अशीच ठेवून आले!

आठ दिवसांनी फोन आला. "पाणी गेलंय. हे वॉरंटीत बसत नाही. मदरबोर्ड बदलावा लागेल, साडेअकरा हजार." मुलगी रडायलाच लागली. आई, मी पाणी नाही सांडलं, म्हणे. मलाही क्षणभर वाटलं, सांडलं असेल, घाबरून सांगत नसेल. लेकीवर संशय घेतला याचं मला आजही वाईट वाटतं.

कंपनीच्या नंबरवर फोन लावला की एक दाबा, दोन दाबा, मग गाणं. अर्ध्या तासाने माणूस आला तर म्हणतो, सर्व्हिस सेंटरलाच विचारा. सर्व्हिस सेंटर म्हणतं, कंपनीला विचारा. असे पाच आठवडे गेले. इकडे गटाचा हप्ता दर महिन्याला चालूच. मी सचिव, दुसऱ्यांना हप्त्याची आठवण मीच करून देते. एकदा बैठकीत हळूच म्हणून पाहिलं, लॅपटॉप येईपर्यंत माझा हप्ता थांबवता येईल का? आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, "म्हैस आटली म्हणून हप्ता थांबतो का गं?" बरोबरच होतं त्यांचं. पण त्याच आजींनी पुढे विचारलं, "पाणी गेलं असं त्यांनी लिहून दिलंय का?"

लिहून कुठं दिलं होतं! सगळं फोनवर.

दुसऱ्या दिवशी मी बिल घेऊन परत गेले. म्हणलं, मला जॉबशीट द्या. त्यावर तारीख, लॅपटॉपचा सिरीयल नंबर आणि काय बिघाड सापडला ते लिहा. पाणी गेलं असेल तर तसं लिहा आणि आतला फोटो द्या. तो पोरगा आत गेला, बऱ्याच वेळाने कागद घेऊन आला. मुलीने वाचून दाखवला. त्यात पाण्याचं नावच नाही! बोर्डावरचा पॉवरचा भाग निकामी, एवढंच. तोंडी सांगताना पाणी होतं, सही करायची वेळ आली तेव्हा पाणी आटलं.

मग १९१५ ला फोन लावला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवून एक नंबर देतात, तक्रार कंपनीकडे पाठवतात. ते कोर्ट नव्हे, कंपनीला हुकूम देत नाहीत. पण आपलं म्हणणं कंपनीत वरपर्यंत जातं. मी बिल आणि जॉबशीटही पाठवली. नंतर कंपनीचाच फोन आला. ७४ व्या दिवशी लॅपटॉप हातात आला, बोर्ड बदललेला, पैसे शून्य.

पण मुलीचं आतलं सगळं काम पुसलं गेलं होतं. आतल्या फाइली वॉरंटीत येत नाहीत, हे तेव्हा कळलं. लॅपटॉप चालू असतानाच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा बायांनो.

आता कायद्याचं थोडं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. "विकलेला माल परत घेणार नाही" असं बिलावर छापलेलं असतं ना, त्याला घाबरू नका. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हेही त्याच यादीत आहे. १९१५ ने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असो की बंगळूरची. वस्तू ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जायचं.

एक ताई मघाशी म्हणाल्या, तू आयोगात का गेली नाहीस, बुडालेल्या मजुरीची भरपाई मागायची होतीस. खरं आहे. मी दमले होते. लॅपटॉप मिळाला आणि गप्प बसले.

अजून एक. खरंच पाणी सांडलं, वस्तू हातातून पडली, तर साध्या वॉरंटीत ते बसत नाही. त्यासाठी वेगळे पैसे भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दुकानदार "एक्स्टेंडेड वॉरंटी" म्हणून जे विकतो, त्यात पडझड धरली आहे का हे घेण्याआधी विचारा. बहुतेक वेळा ती फक्त मुदत वाढवलेली असते. आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून नोंदली का, हे मुलांकडून कंपनीच्या साइटवर तपासून घ्या. माझी दोन महिने आधीपासून दिसत होती! बिल पाठवल्यावर दुरुस्त झाली.

बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. आमच्या गटाने आता बिलांसाठी एक वेगळी फाइल केली आहे, ठराव पुस्तिकेच्या शेजारीच असते. त्यात दोन मोबाईल, एक शिलाई मशीन, एक पिठाची गिरणी आणि माझा लॅपटॉप आहे. हप्ते अजून सात राहिलेत.