पिशवीच्या भिंती चिकटतात तेव्हा



पेणच्या गणपतींच्या कारखान्यात ओल्या मातीचे दोन भाग एकमेकांना टेकले की चिकटून बसतात. माती सुकली असेल तर चिकटत नाहीत. गर्भाशयाचेही, म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो तिचे, काहीसे तसेच आहे. तिच्या भिंती एकमेकींना टेकलेल्याच असतात; पण आत मऊ अस्तर असते, म्हणून त्या चिकटत नाहीत. हे अस्तर दर महिन्याला पाळीबरोबर गळते आणि तळच्या थरातून पुन्हा वाढते. तो तळचा थरच दुखावला, तर जखम भरताना भिंती एकमेकींना सांधतात. १९४८ साली जोसेफ अ‍ॅशरमन या डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले; म्हणून त्याला त्यांचे नाव पडले.

थर दुखावतो कशाने? बहुतेकदा गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर पिशवी खरवडून साफ केल्याने. आपल्या देशात दुसरे मोठे कारण म्हणजे पिशवीचा क्षय. त्यात खोकला असेलच असे नाही.

मग पाळी अगदी कमी येते किंवा थांबते. कुणाचे ओटीपोट महिन्याच्या महिन्याला दुखते. दिवस राहत नाहीत. राहिले तर टिकत नाहीत. आणि घरात काय होते? ‘हिचा पायगुण’ म्हणतात, दुसऱ्या लग्नाची बोलणी निघतात! अहो, भिंतीला पडलेला वण हा काय त्या बाईचा गुन्हा? शिवाय मूल होत नसेल, तर नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी.

पाळी चुकली, तर आधी दिवस गेलेत का ते पाहावे. पण पिशवी साफ केल्यानंतर पाळी आटली असेल, तर रोह्याच्या वा पेणच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. पुढे अलिबागला किंवा मुंबईला पाठवतील. तिथे बारीक दुर्बीण आत घालून चिकटलेला भाग पाहतात आणि सोडवतात. क्षय निघाला, तर त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ती मध्येच सोडू नयेत. पुढे दिवस राहिले, तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करावे. कारण वार चिकटून राहण्याचा धोका असतो. चिकटणे फार असेल, तर उपचारानंतरही यश येतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे.

गर्भपात झाला, तर शिकलेल्या डॉक्टरकडेच जावे. प्रत्येक वेळी खरवडावे लागतेच असे नाही. पुष्कळदा गोळ्यांनी भागते. ‘दुसरा उपाय आहे का?’ असे विचारायला बिचकू नये.

शिक्षक मंडळींनो, पालकसभेत हा विषय निघाला, तर लाजून टाळू नका. एक वाक्य सांगा: पाळी आटणे हा आजार असू शकतो, शाप नव्हे.