नेतृत्वाला निवांतपणा हवा
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



विषयपत्रिकेवर ‘नेतृत्व आणि चिंतन’ हे शब्द वाचून मागच्या बाकांवर थोडे हसू उमटले, ते आम्ही पाहिले. चिंतन हे कीर्तनकाराचे काम आणि युनियनवाल्याचे काम घोषणा देण्याचे, असे आपण धरूनच चालतो. शिवाय रात्रपाळी करून सकाळी शाखेच्या कचेरीत बसणाऱ्याला निवांतपणा कुठून मिळणार, हा प्रश्नही रास्त आहे.

तेव्हा सुरुवात आपल्याच खात्यांतल्या एका माणसापासून करू. नारायण मेघाजी लोखंडे आधी रेल्वेत आणि मग टपाल खात्यात नोकरीला होते. पुढे ते कापडगिरणीत भांडारपाल झाले. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. पगार वेळेवर मिळावा, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी या मागण्या होत्याच. पण त्यांच्या जोडीला आठवड्याची सुट्टी होती. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. म्हणजे या देशातल्या कामगार चळवळीचा पहिला मोठा विजय विश्रांतीचा आहे. आणि आपण काय करतो? नेमकी त्याच रविवारी कार्यकारिणीची बैठक बोलावतो!

दुसरे उदाहरण अहमदाबादचे, १९१८ सालचे. प्लेगच्या काळात दिलेला बोनस मालकांनी बंद करायचे ठरवले. महागाई वाढलेली, म्हणून कामगारांनी पन्नास टक्के वाढ मागितली. मालक वीसच्या वर जाईनात. गांधीजी कामगारांच्या बाजूने उभे राहिले, पण पन्नासचा आकडा त्यांनी जसाच्या तसा उचलला नाही. वल्लभभाई, शंकरलाल बँकर यांच्यासह त्यांनी आधी मजुरीचे दर, बाजारभाव, गिरण्यांची स्थिती यांची छाननी केली आणि पस्तीस टक्के हा आकडा काढला. स्वतःच्याच लोकांना ‘तुमची मागणी जास्त आहे’ हे सांगायला लागते ते धैर्य गेट मीटिंगच्या टाळ्यांतून येत नाही. २२ फेब्रुवारीला टाळेबंदी झाली. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा होई, रोज एक पत्रक निघे. शेवटी उपासही करावा लागला, आणि त्या उपासाने मालकांवर नको तो दबाव येतो याची टोचणी खुद्द गांधीजींना होती. पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी निवाडा दिला तो पस्तीस टक्क्यांचाच. आधी शांतपणे केलेला हिशेब शेवटपर्यंत टिकला.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाखेतून रात्री दहाला फोन आला : आपला एक माणूस निलंबित झाला. आम्ही ना त्याच्याशी बोललो, ना कागद पाहिला. सकाळी सातला गेटवर सभा घेतली आणि काम बंद जाहीर केले. दुपारी कळले, निलंबन मागे घेण्याचा आदेश आदल्या संध्याकाळीच निघाला होता, तो फक्त पोहोचायचा राहिला होता. आम्हाला त्याच गेटवर उभे राहून माघार घ्यावी लागली. साहेब हसले, त्याचे काही वाटले नाही. पण पुढच्या वेळी खरोखर गंभीर प्रकरण घडले, तेव्हा हाक दिल्यावर निम्मेच लोक आले, त्याची सल अजून आहे.

एक रात्र थांबलो असतो तर? तेव्हा निदान फोन तरी होता; आता मोबाईलवर संदेश येतो आणि वाचून होण्याआधीच तो चार गटांत पुढे ढकलला जातो.

ऑटोमॅटिक सिग्नल लाल दिसला, तर ड्रायव्हरने काय करायचे हे रेल्वेतल्या साथींना सांगायला नको. दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटे उभे राहायचे, मग सावधपणे पुढे निघायचे. पुढे जायची परवानगी आहे, तरी थांबायचे. रात्री दिसते कमी, म्हणून थांबायचे दुप्पट. नियम करणाऱ्याला गाडी उशिरा नेण्याची हौस नव्हती.

याचा अर्थ प्रत्येक अन्यायावर महिनाभर विचार करत बसा, असा कोणी घेऊ नये. गँगमन रुळावर जखमी पडला असेल तर आधी दवाखाना, मग चिंतन. आणि ‘विचार चालू आहे’ म्हणत प्रकरण कुजवणारे पदाधिकारीही आपल्यात आहेत. त्यांनी या भाषणाचा आधार घेऊ नये.

आम्ही आमच्यापुरती एक सवय लावून घेतली आहे. कुठलेही आंदोलन जाहीर करण्याआधी एकट्याने बसून वहीत तीन गोष्टी लिहायच्या : नेमके काय घडले, किती लोक शेवटपर्यंत टिकतील, आणि माघार घ्यायची वेळ आली तर कुठे थांबायचे. तिसऱ्या ओळीला पेन अडकते. अडकू द्यावे.

दुपारच्या सत्रात प्रत्येक शाखेने आपला एक प्रश्न मांडायचा आहे. चहा आलेला दिसतो, पण तो पंधरा मिनिटांनी मिळेल. तोवर वही उघडा, आणि कृपा करून मोबाईल बंद ठेवा.