कामाचा दिवस आणि पत्रांचा पूर



१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांना रविवारच्या सुटीची मागणी मान्य करावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे आणि १८८४ साली उभी राहिलेली त्यांची गिरणी कामगारांची संघटना यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली होती. त्या रविवारी भोंगा मुका झाला. आजच्या कचेरीतल्या कर्मचाऱ्याच्या मात्र खिशातच भोंगा असतो, आणि त्याला रविवार ठाऊक नाही.

ई-मेल म्हणजे वरकरणी साधे टपाल. परंतु टपालाला टंकलेखक लागे, तिकीट लागे. म्हणून साहेब विचार करून पत्र धाडीत असे. आता एकच पत्र पन्नासजणांना पाठविण्यास काही पडत नाही. वाचण्याचा वेळ मात्र पन्नासांचा जातो, आणि तो कोणत्याही हजेरीपटावर चढत नाही. रात्री दहाच्या पत्राला तत्काळ उत्तर द्यावे असा लेखी हुकूम नसतो. बढतीच्या वेळी मात्र कोणी उत्तर दिले नव्हते हे बरोबर आठवते. कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा पडताच मालक त्याच तासांत अधिक श्रम कोंबू लागतो, हे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात सप्रमाण मांडले आहे. येथे तर तास दाटही होतात आणि लांबतातही.

अमेरिकेत ग्लोरिया मार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली तेरा कर्मचाऱ्यांचा ई-मेल पाच दिवस बंद ठेवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ताण उतरला, एकाच कामावर चित्त अधिक काळ टिकले. तेरा ही संख्या लहान खरी. पण ज्याने सुटीच्या दिवशी साहेबाचे पत्र उघडले आहे, त्याला मोठी संख्या हवी कशाला?

उपाय अशक्य नाही. जर्मनीत फोक्सवॅगनच्या कामगार परिषदेने २०११ साली करार घडवून आणला: पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने फोनवरील ई-मेल बंद, दुसऱ्या पाळीच्या अर्धा तास आधी सुरू. अर्थात वरिष्ठ अधिकारी त्यातून वगळले होते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास व त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना या प्रश्नावर वाटाघाटी करणे भाग पडले. गंमत अशी, की ज्या कायद्यात हे कलम आले, त्याच कायद्याने कामाच्या तासांचे नियम सैल केले. त्याविरुद्ध फ्रेंच कामगार २०१६ मध्ये रस्त्यावर उतरले होते.

आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली असे खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. उलट २०२४ च्या जुलैत कर्नाटकात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील दिवस चौदा तासांपर्यंत ताणण्याचा प्रस्ताव पुढे आला. तेथील आयटी कर्मचाऱ्यांच्या युनियनने त्याला उघड विरोध केला.