महाविद्यालयीन शुल्क माफ असावे काय?

महाविद्यालयीन शिक्षणाचे शुल्क सर्वांना माफ असावे काय, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा सरकारी खजिन्याच्या जमाखर्चापाशी येऊन थबकते. परंतु महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून दिलेले उत्तर अपुरेच राहील.

1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी असा आक्षेप घेतला होता की, सरकारचा महसूल बव्हंशी रयतेच्या श्रमातून उभा राहतो आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो. हा आक्षेप आजही बाजूला सारता येत नाही. ज्याचा मुलगा दहावीनंतर शाळा सोडून ऊसतोडीला जातो, तो शेतमजूरही साबणाच्या वडीवर कर भरतोच. त्या करातून शहरातील सधन घराच्या मुलाचे शुल्क भागवावे, हे कोणत्या न्यायात बसते? म्हणून सरसकट माफीचा पुरस्कार माझ्याच्याने होत नाही. ज्या घराला शुल्क पेलते त्याने ते द्यावे आणि ज्याला पेलत नाही त्याच्याकडून एक पैही घेतली जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत आलेल्या ई. बी. सी. (आर्थिकदृष्ट्या मागास वर्गासाठीच्या) शुल्कसवलतीचे तत्त्व हेच होते, आणि त्या सवलतीवर शिकलेले शिक्षक, अभियंते नि अधिकारी आज महाराष्ट्रभर आढळतात.

2024 च्या जुलैत राज्य शासनाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले, हे फार चांगले झाले. पण पाटण तालुक्यातील एखाद्या वाडीवरची मुलगी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल होते, तेव्हा शुल्काची पावती कोरी असली तरी खोलीची अनामत आगाऊ द्यावी लागते, मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला मोजावे लागतात, लॅपटॉप हवा असतो, सणासुदीला एस. टी. चे भाडे लागते. आणि त्याही आधी उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा असे दाखले गोळा करण्यासाठी तिच्या वडिलांना रोजगार बुडवून तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात. मुलगी शिक्षण सोडते ती बहुधा या खर्चापायी, आणि सरकारदफ्तरी मात्र तिचे शिक्षण मोफत म्हणून नोंदलेले असते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे मर्म नेमके ओळखले होते. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या या माणसाने आधी वसतिगृहाची चिंता वाहिली; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रदेखील दिले, ते मुलांच्या जेवणासाठी. पुढे 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हाही ‘कमवा आणि शिका’ या योजनेत विद्यार्थी स्वतः राबून आपला खर्च भागवू लागले. त्याही आधी, 1901 पासून, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जी वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला, त्यांच्या मुळाशी हीच जाण होती. आज विद्यार्थ्याने दिवसभर राबूनच शिकावे असा आग्रह मी धरणार नाही, कारण अभ्यासक्रम अवघड झाले आहेत आणि वेळ अपुरा पडतो. पण राहण्याजेवण्याची तजवीज आधी, हा क्रम मात्र अद्यापि बदललेला नाही.

यास्तव शासनाजवळ माझे मागणे आहे की, शुल्कमाफीसाठी जी रक्कम मंजूर होते तिच्याबरोबरच जिल्ह्याच्या नि तालुक्याच्या ठिकाणी मुलामुलींच्या वसतिगृहांसाठीही तरतूद व्हावी, आणि निर्वाहभत्ता सत्र संपल्यावर नव्हे तर सत्रारंभी हाती पडावा. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी यंदा बारावीचा विद्यार्थी आहे, त्यांनी निकालाची वाट न पाहता एप्रिल लागताच उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करावा, आणि आपले लोकप्रतिनिधी गावी येतील तेव्हा त्यांच्याकडे पहिली मागणी वसतिगृहाची करावी.