दोन सूर्यांच्या जगात जीवसृष्टी संभवते काय?



गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांधचे पाणी उन्हाळ्यात उकळत नाही, हिवाळ्यात गोठत नाही. या नित्याच्या अनुभवामागे पृथ्वीचे सूर्यापासूनचे योग्य अंतर आणि तिचे वातावरण ही दोन कारणे आहेत. ताऱ्याभोवतीच्या ज्या पट्ट्यात ग्रहावर पाणी द्रवरूपात राहू शकते, त्यास ‘जीवनयोग्य पट्टा’ म्हणतात.

सूर्य एकटा आहे. परंतु सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना सोबती असतात. अशा युग्मताऱ्यांच्या बाबतीत केवळ उष्णतेचा हिशेब पुरत नाही. दोन ताऱ्यांच्या ओढाताणीत ग्रहाची कक्षा टिकली, तरच त्यावरील पाणी टिकेल.

कक्षा टिकण्याचे मार्ग दोन. तारे परस्परांच्या निकट असतील, तर ग्रह दोघांभोवती दुरून फिरू शकतो. मात्र त्याचे अंतर ताऱ्यांमधील अंतराच्या साधारणतः दुप्पट ते चौपट तरी असावे लागते. केप्लर दुर्बिणीच्या साह्याने २०११ मध्ये आढळलेला, जवळजवळ शनीएवढा एक ग्रह दोन ताऱ्यांभोवती २२९ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करतो.

तारे परस्परांपासून दूर असतील, तर ग्रह एकाच ताऱ्याच्या आश्रयाने राहू शकतो. सुमारे ४.४ प्रकाशवर्षे दूर असलेला ‘मित्र’ तारा याचे उत्तम उदाहरण होय. तो एक नसून दोन आहेत, हे १६८९ मध्ये पाँडिचेरी येथे फ्रेंच धर्मोपदेशक रिशो यांनी दुर्बिणीतून प्रथम पाहिले. हे दोन तारे सुमारे ८० वर्षांत परस्परांभोवती फिरतात. पृथ्वी-सूर्य अंतर एक मानल्यास त्यांच्यातील अंतर ११ ते ३६ असे बदलते. मोठ्या ताऱ्याचा जीवनयोग्य पट्टा सव्वाच्या आसपास आहे आणि तेथील कक्षा स्थिर राहू शकतात. सोबती सर्वांत जवळ आला, तरी तो देत असलेली उष्णता एक टक्क्याहूनही कमी भरते. या ताऱ्याजवळ एक वायुरूप ग्रह असावा, अशी चिन्हे जेम्स वेब दुर्बिणीतून मिळाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यास पुष्टी मिळणे आवश्यक आहे.

सारांश, दुसरा सूर्य हा जीवसृष्टीला अडथळाच ठरतो असे नाही. मे महिन्याच्या मध्यास, रात्री अकराच्या सुमारास, विद्यार्थ्यांना तलावाच्या उत्तर काठावर न्यावे. दक्षिण क्षितिजापासून, लांब केलेल्या हाताच्या मुठीएवढ्या उंचीच्या आतच, मित्र तारा दिसेल. समोर पाणी आणि त्यावर तो तारा, एवढे साहित्य या पाठास पुरेसे आहे.